सातव्या पानावरच्या तीन ओळी

किल्ल्या हरवल्या होत्या, आणि त्या लेकीनंच हरवल्या याबद्दल ताईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सकाळची घाई, पायात चपला, दार सताड उघडं, आणि ताई जिन्यात उभ्या राहून लेकीला झाडत होत्या. तुझं लक्ष कुठं असतं, वस्तू जागच्या जागी ठेवायला काय होतं, धांदरट ती धांदरटच राहणार, हे सगळं तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात झालं. समोरच्या काकूंनी दार किलकिलं करून 'हल्लीच्या मुलींचं असंच' म्हणत आगीत तेल ओतलं. लेकीनं आपल्याकडच्या दुसऱ्या किल्लीनं दार लावलं आणि ती कॉलेजला निघून गेली.

किल्ल्या दुपारी ऑफिसात सापडल्या. ताईंच्याच पिशवीत, अगदी तळाशी, अभ्यासाच्या वहीखाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी पुसत असलेल्या लेकीजवळ जाऊन ताई हळूच म्हणाल्या, "सापडल्या गं किल्ल्या. माझ्याच पिशवीत होत्या."

लेक हातातलं ताट पुसत राहिली. "ओरडलीस जिन्यात, आणि सांगतेस स्वयंपाकघरात. काकूंना कोण सांगणार?"

"जाऊ दे गं, काकू कधीच विसरल्या असतील," ताई हसून म्हणाल्या आणि विषय मिटला. म्हणजे ताईंच्या बाजूनं मिटला. काकू काही विसरल्या नव्हत्या. त्या दिवसापासून जिन्यात लेक दिसली की त्या मोठ्या मायेनं विचारू लागल्या, "काय गं धांदरट, निघालीस?"

आता ताईंबद्दल थोडं सांगायला हवं. एका दैनिकात त्या अठरा वर्षं उपसंपादक होत्या. शहराचं पान त्या लावायच्या. बातमी कुठं बसेल, मथळा किती मोठा, फोटो कुठला, हे त्यांच्या डोळ्यांना न मोजता कळायचं. पण ऑफिसात नवा नियम आला की पानाच्या प्रमुखपदासाठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी हवी. ती पदवी घेऊन आलेली कालची पोरं पुढं जाऊ लागली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ताई पहिल्या वर्षी मनात म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांनी गुपचूप अर्ज भरला आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. पहिल्या बाकावर अशासाठी की चष्म्याचा नंबर वाढला होता. ऑफिसात थट्टा झाली, मासोळी पोहायच्या क्लासला निघाली म्हणून. घरी जेवणाच्या टेबलावर एका बाजूला लेकीचं गणित आणि दुसऱ्या बाजूला आईची पत्रकारिता, अशी फाळणी झाली. ताईंना ते प्रमुखपद मनापासून हवं होतं. आपण अठरा वर्षं जे काम करतो त्यावर एकदा तरी आपलं नाव लागावं, यात गैर काय?

शेवटच्या सहामाहीत लघुप्रबंध लिहायचा होता. ताईंनी विषय निवडला तो वर्तमानपत्रांतल्या दुरुस्त्यांचा, म्हणजे चूक झाल्यावर छापतात त्या खुलाशांचा. खरं सांगायचं तर हे काही थोर चिंतन नव्हतं. ऑफिसच्या माळ्यावर जुन्या अंकांचे बांधीव गठ्ठे होते, ते हाताशी होते, एवढंच. शनिवारी सकाळी जायचं, धूळ झटकायची आणि पानं उलटत टिपणं काढायची. पहिल्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की चुका सगळ्या पानांवर होत्या, दुरुस्त्या मात्र एकाच ठिकाणी. सातवं पान, खालचा कोपरा, 'हरवले आहे'च्या जाहिरातींखाली.

तिसऱ्या शनिवारी नऊ वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात त्यांना तीन ओळी सापडल्या. 'गुरुवारच्या अंकात औषध दुकानासंबंधीच्या बातमीसोबत अनवधानाने अन्य व्यक्तीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याबद्दल दिलगीर आहोत.' ताईंनी गुरुवारचा अंक काढला. पहिल्या पानावर, चार रकान्यांत, मुदत संपलेली औषधं नव्या वेष्टनात घालून विकणाऱ्या दुकानदाराच्या अटकेची बातमी होती, आणि शेजारी एक हसरा, टक्कल पडलेला, पांढऱ्या शर्टातला माणूस. तो फोटो पाहून ताई माळ्याच्या पायरीवरच बसल्या. तो फोटो त्यांनी लावला होता.

ऑफिसची तेव्हा एक पद्धत होती. फोटो माणसाच्या नावानं ठेवायचे नाहीत, धंद्याच्या नावानं ठेवायचे. शिंपी, शिक्षिका, औषधवाला. नावं कोण लक्षात ठेवणार! त्या संध्याकाळी पहिलं पानही ताईंकडंच होतं, ते छपाईला सोडायची घाई होती, अटक झालेल्याचा फोटो आला नव्हता. तो साठ्यात असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी 'औषधवाला' उघडलं, पहिला फोटो उचलला आणि लावला. तो फोटो होता रात्रंदिवस दुकान उघडं ठेवणाऱ्या एका सज्जन माणसाचा, त्याच्या कौतुकाच्या बातमीसाठी दोन वर्षांपूर्वी काढलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी. दुसऱ्या दिवशी तो माणूस ऑफिसात येऊन गेल्याचं ताईंनी ऐकलं होतं. साहेबांनी, म्हणजे तेव्हाच्या शहरप्रमुखांनी आणि आताच्या संपादकांनी, तीन ओळी लिहून दिल्या होत्या. नाव नको, पुन्हा बोभाटा होईल, असं ते म्हणाले होते. ताईंना ते पटलं होतं, कारण आपलं नाव कुठं आलं नाही याचाच त्यांना आनंद झाला होता. मग नऊ वर्षं त्या हे विसरूनच गेल्या होत्या.

त्या माणसाचा पत्ता शोधायला आठवडा लागला. दवाखान्याच्या कोपऱ्यावरचं त्यांचं मोठं दुकान आता दुसऱ्याचं होतं. औषधवाले काका मागच्या गल्लीत, एका जिन्याखालच्या खोलीत दुकान चालवत होते. ताईंनी विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं, लघुप्रबंधाचं सांगितलं, आणि काकांनी लगेच स्टूल पुढं केलं. इतक्या वर्षांत हे विचारायला कुणी आलं नव्हतं म्हणाले.

काका चिडून बोलले नाहीत. दुसऱ्याचीच हकिकत सांगावी तसं सांगत गेले. बातमी आली त्या सकाळी दुकानासमोर माणसं नुसती उभी राहून बघत होती. दुपारपर्यंत दोघांनी आदल्या दिवशी नेलेली औषधं परत आणून दिली. रोजची गिऱ्हाइकं समोरच्या फुटपाथवरून जाऊ लागली. वाईट बोललं नाही कुणी, पण नजर चुकवली. खुलासा आला तो कुणी वाचला नाही, वाचला त्याला तो कुणाबद्दल आहे हे कळलं नाही. थोरल्या मुलीच्या ठरत आलेल्या लग्नाची बोलणी थांबली. पुढं तिचं झालं सगळं चांगलं, पण ते वर्ष त्या मुलीनं कसं काढलं ते तिलाच माहीत. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, काका म्हणाले, आणि त्यांनी गल्ल्यावरच्या काचेकडे बोट दाखवलं. काचेखाली त्या तीन ओळींचं कात्रण होतं, प्लास्टिकमध्ये नीट बसवलेलं. अक्षरं इतकी बारीक की वाचायला वाकावं लागत होतं.

मध्येच एक बाई खोकल्याच्या गोळ्या घ्यायला आल्या. काकांनी गोळ्यांची पट्टी उजेडात धरली, मुदतीची तारीख मोठ्यानं वाचली, मग पट्टी बाईंच्या डोळ्यांपुढं धरून म्हणाले, "तुम्हीही बघून घ्या." बाई बघून गेल्या. नऊ वर्षं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला अशी तारीख दाखवत होते.

"तो फोटो लावणारा कोण असेल हो?" जाताना त्यांनी ताईंना विचारलं. "त्याच्या तर लक्षातही नसेल." ताईंनी वही पिशवीत घातली आणि उशीर झाल्याचं सांगून त्या बाहेर पडल्या. काकांनी सही केलेल्या संमतीपत्रावर 'मुलाखत घेणाऱ्याचा विषयाशी संबंध' अशी एक ओळ होती. तिथं त्यांनी लिहिलं होतं, 'विद्यार्थिनी'.

प्रबंधातलं काकांवरचं प्रकरण झकास उतरलं. ताईंच्या मार्गदर्शक मॅडम वयानं त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या, आणि कौतुक करायच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या. त्यांनीसुद्धा चार ठिकाणी समासात 'उत्तम' लिहिलं. गुरुवारचा फोटो कसा चुकला, हे त्या मजकुरात एका वाक्यात होतं: 'कार्यालयीन गोंधळातून चूक झाली.' मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली होती.

"ताई, हा गोंधळ कुणाचा, हे तुम्हाला माहीत आहे का?"

ताईंनी सांगून टाकलं. मॅडमना धक्का बसलेला दिसला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की काकांना हे ठाऊक आहे का.

"मी विद्यार्थिनी म्हणून गेले होते," ताई म्हणाल्या. "ते काही खोटं नाही."

"खोटं नाहीच. पण त्या तीन ओळी तरी कुठं खोट्या होत्या? एक शब्द चुकीचा नव्हता त्यांत. फक्त कुणाला काही कळणार नाही, अशा बेतानं लिहिल्या होत्या."

ताईंना राग आला. त्यांनी नोकरीचं सांगितलं, प्रमुखपदाचं सांगितलं, आणि मुख्य म्हणजे हेही सांगितलं की लघुप्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून दरवर्षी त्यांचे साहेबच येतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. परीक्षक बदलून मागता येईल, त्या म्हणाल्या, आणि 'गोंधळ' हा शब्द ठेवला तरी गुण मिळतील, त्याबद्दल शंका नको. मग त्यांनी वही मिटून ताईंच्या हातात दिली.

"एका माणसाचं तोंड चारचौघांत काळं केलं, तर ते चारचौघांतच धुवावं लागतं, ताई. घरात नेऊन पुसलेलं त्याच्या कामाचं नसतं. हे पुस्तकात नाही, पण मी एवढंच शिकवू शकते."

ताई त्या संध्याकाळी बसची वाट बघत उभ्या होत्या आणि त्यांना राहून राहून लेकीचं वाक्य आठवत होतं, ताट पुसता पुसता बोललेलं. चार बस निघून गेल्या. परीक्षक बदलून मागायचा अर्ज त्यांनी केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा जिन्याखालच्या दुकानात गेल्या. काकांनी स्टूल पुढं केलं, पण ताई उभ्याच राहिल्या. घरून त्या चांगली चार वाक्यं जुळवून गेल्या होत्या. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही.

"काका, तो फोटो मी लावला होता."

काकांनी हातातला खोका खाली ठेवला. बराच वेळ ते काचेवरची न दिसणारी धूळ पुसत राहिले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. काकांनी औषध काढलं, तारीख वाचली, दाखवली, ते गिऱ्हाईक गेलं. मग ते म्हणाले, "मला तुमचा राग येत नाही, असं मी म्हणणार नाही. येतोय. खूप येतोय. त्या दिवशी इथं बसून माझं सगळं ऐकलंत, आणि उठून गेलात."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माफ करा म्हणाल्या.

"माफीचं नंतर बघू," काका म्हणाले. "तुमचा तो प्रबंध कोण वाचणार? तीन माणसं. माझा फोटो साऱ्या गावानं बघितला होता."

 ताईंनी नवं संमतीपत्र पुढं केलं. संबंधाच्या ओळीवर त्यांनी आता सगळं लिहिलं होतं, आणि जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला चालू ठेवलं होतं. काकांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि सही केली. बसा मात्र म्हणाले नाहीत.

तोंडी परीक्षा महिन्याभरानं झाली. लांबट टेबल, पाण्याचे तांबे, पंख्याची घरघर. एका बाजूला मॅडम आणि साहेब, समोर ताई. साहेबांनी प्रबंध वाचला होता हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. इकडचे तिकडचे दोन प्रश्न विचारून झाल्यावर ते मुद्द्यावर आले. वर्तमानपत्र विश्वासावर चालतं, त्यांचं म्हणणं पडलं. दुरुस्त्या पहिल्या पानावर छापायला लागलो तर लोक म्हणतील की हे रोजच चुकतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वाडवडील उगाच म्हणत नसत. शिवाय नऊ वर्षांपूर्वीचं मढं आता उकरून काढलं तर त्या माणसालाच पुन्हा त्रास होईल. साहेब वाईट नव्हते. त्यांना जे खरंच वाटत होतं तेच ते बोलत होते.

 ताईंनी आकडे सांगितले नाहीत, थोरामोठ्यांचे दाखले दिले नाहीत. त्यांनी गोळ्यांच्या पट्टीची गोष्ट सांगितली.

"साहेब, ते प्रत्येक गिऱ्हाइकाला तारीख दाखवतात. नऊ वर्षं. त्यांच्यावरचा विश्वास त्यानं कमी झाला नाही, उलट जी चार माणसं उरली ती त्यामुळंच उरली. त्यांनी न केलेल्या चुकीसाठी इतकं केलं. आपण केलेल्या चुकीसाठी एक दिवस पहिलं पान देऊ शकत नाही? फोटो मी लावला. त्या तीन ओळी तुम्ही लिहिल्यात. प्रबंधात मी दोन्ही लिहिलंय."

 साहेबांनी प्रबंधातलं ते पान पुन्हा उघडलं. तिथं कात्रणाचा फोटो चिकटवलेला होता, काचेखालचा, आणि तो वाचायला साहेबांनाही वाकावं लागलं. आपणच लिहिलेल्या तीन ओळी त्यांनी अशा वाकून वाचल्या. मग ते सरळ झाले आणि मॅडमना म्हणाले की आपले प्रश्न संपले.

चार दिवस ऑफिसात काही घडलं नाही. साहेब ताईंशी कामापुरतं बोलत होते. पाचव्या दिवशी त्यांनी ताईंना बोलावलं आणि उद्याच्या पहिल्या पानावर चार रकाने मोकळे ठेवायला सांगितले. "तुम्हीच लिहा," ते म्हणाले. "आणि खाली माझंही नाव घाला."

गुरुवारी तो मजकूर छापून आला. तीच जागा, तेवढाच मथळा, तोच हसरा फोटो. या वेळी फोटोखाली काकांचं पूर्ण नाव होतं आणि दुकानाचा पत्ता होता. चूक कुणी केली, कशी केली, आणि ती लपेल अशा रीतीनं कुणी दुरुस्त केली, हे सरळ शब्दांत होतं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच ताईंचं नाव पहिल्या पानावर आलं, आणि ते असं आलं. फोटो माणसांच्या नावानं ठेवायचे, असा नियम त्याच आठवड्यात ऑफिसात लागला.

सगळं गोड झालं असं मात्र कुणी समजू नये. पदवी मिळाली, प्रथम वर्गात मिळाली, पण प्रमुखपद त्या वर्षी दुसऱ्याला गेलं. वरच्या मंडळींना म्हणे पहिल्या पानाचा तो प्रकार रुचला नव्हता. ताईंना वाईट वाटलं. दोन दिवस त्यांनी धड जेवणही केलं नाही. मग एका दुपारी त्या काकांच्या दुकानावरून गेल्या. बाहेर तीन माणसं रांगेत होती. काचेखालचं कात्रण काढलेलं होतं, आणि भिंतीवर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, पहिलं पान चौकटीत लावलेलं होतं. वाचायला कुणाला वाकावं लागत नव्हतं. काकांनी ताईंना बघितलं. ते हसले नाहीत, पण स्टूल पायानं पुढं सरकवलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पट्टी दाखवत म्हणाले, "तारीख बघून घ्या." ती सवय काही आता सुटणार नव्हती.

ताई घरी आल्या तेव्हा जिन्यात लेक आणि समोरच्या काकू भेटल्या. काकू नेहमीच्या मायेनं म्हणत होत्या, "काय गं धांदरट, आज लवकर?" लेक नेहमीसारखी कसनुशी हसली.  एका औषधवाल्यासाठी ताई परीक्षकांसमोर बोलल्या होत्या, आणि स्वतःच्या पोरीची तीन ओळींची दुरुस्ती अजून सातव्या पानावरच पडून होती!

त्या पहिल्याच पायरीवर थांबल्या आणि वरच्या मजल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काकू, त्या दिवशी किल्ल्या हिनं हरवल्या नव्हत्या. माझ्याच पिशवीत होत्या. धांदरट मी आहे. हिला उगीच बोलले मी, सगळ्यांसमोर."

वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. काकू क्षणभर गोंधळल्या आणि मग म्हणाल्या, "अगं बाई! मग एवढे दिवस सांगितलं का नाहीस?"  लेकीनं आईच्या हातातली जड पिशवी घेतली आणि दोघी वर चढू लागल्या.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाकडे एक पहिलं पान असतं आणि एक सातवं. जिन्यात, ऑफिसात, लग्नाच्या बैठकीत, फोनवरच्या गटात आपण कुणाबद्दल तरी चार रकान्यांत बोलून मोकळे होतो, आणि चुकलो हे कळलं की कोपऱ्यात जाऊन पुटपुटतो. ज्याच्याबद्दल बोललो तो मात्र उरलेलं आयुष्य काचेखालचं कात्रण दाखवत बसतो. चूक कुणाच्याही हातून होते, त्यात लाज नाही. पण ज्या आवाजात ती केली, त्याच आवाजात ती सुधारली पाहिजे. त्याहून हळू आवाजात मागितलेली माफी आपण स्वतःच्या सोयीसाठी मागितलेली असते.